बिल नेमकं थांबलं कुठे? ऑफिसच्या कामातला वाया जाणारा वेळ शोधण्याची आणि कमी करण्याची लीन पद्धत

"साहेब, आमच्या बिलाचं काय झालं?"

अकाउंट्समध्ये बसणाऱ्या प्रत्येकाला हा फोन पाठ असतो. पलीकडचा माणूस बहुतेक वेळा चार-पाच मशीनचं वर्कशॉप चालवणारा. माल देऊन महिना झालेला, सात तारखेला कामगारांचे पगार करायचे असतात. आपण स्क्रीनवर नजर टाकतो आणि सांगतो, "प्रोसेसमध्ये आहे." मीही हे वाक्य वर्षानुवर्षं म्हटलं. भोसरीतल्या एका कारखान्याच्या अकाउंट्समध्ये असताना एक दिवस उठून ते बिल प्रत्यक्ष शोधायला गेलो. ते कुठल्याच प्रोसेसमध्ये नव्हतं. स्टोअरच्या खिडकीतल्या निळ्या ट्रेमध्ये, मालासोबत आलेल्या चलनाला स्टेपल केलेलं, पन्नास-साठ बिलांच्या खाली पडलं होतं. कुणी अडवलं नव्हतं, आणि कुणी त्यावर काम करतही नव्हतं.

या लेखात मी सप्लायरच्या बिलाचं उदाहरण शेवटपर्यंत धरणार आहे, कारण ते काम मला आतून माहीत आहे. पण हीच रीत कोटेशन देणं, नोकरभरती, प्रवासखर्चाचे क्लेम, ग्राहकाची तक्रार, सोसायटीचं ना-हरकत पत्र अशा कुठल्याही टेबलावरून टेबलावर जाणाऱ्या कामाला लागू पडते.

लीन म्हणजे काय, कामापुरतं

कामात वाया जाणारं शोधून ते कमी करत राहण्याची ही विचारसरणी टोयोटाची. तिचं एक मूळ कापडाच्या मागात आहे. साकिची टोयोडा यांनी १९२४ साली तयार केलेला स्वयंचलित माग धागा तुटला की आपोआप थांबायचा, म्हणजे खराब कापड विणलंच जायचं नाही. पुढे टोयोटाच्या मोटार कारखान्यात ताइची ओनो यांनी याला दुसरी कल्पना जोडली, ती अमेरिकन सुपरमार्केटवरून सुचलेली: गिऱ्हाइकाने फळीवरून जेवढं उचललं तेवढंच मागून भरायचं, आधीच ढीग करून ठेवायचा नाही. वाया जाणाऱ्या गोष्टींचे त्यांनी सात प्रकार सांगितले. त्याला जपानीत 'मुदा' म्हणतात. जोडीला आणखी दोन शब्द येतात: 'मुरा' म्हणजे कामाचा चढउतार, आणि 'मुरी' म्हणजे माणसावर किंवा मशीनवर झेपणार नाही इतका भार. 'लीन' हे नाव मात्र बरंच नंतरचं, १९८८ मध्ये जॉन क्राफसिक यांनी एका लेखात वापरलेलं.

कारखान्यात वाया गेलेलं डोळ्यांना दिसतं. भंगाराचा ढीग दिसतो, अर्धवट जॉबची ट्रॉली दिसते. ऑफिसात ते दिसत नाही, कारण ते ट्रेमध्ये, इनबॉक्समध्ये आणि 'सरांची सही बाकी आहे' या वाक्यात लपलेलं असतं. म्हणून ऑफिसात लीन करताना पहिलं काम म्हणजे थांबलेलं काम दिसेल असं करणं. माणसांना पळवायची गरज नाही. माणसं आधीच पळत असतात.

पायरी १: एकच काम निवडा, आणि त्याची दोन टोकं ठरवा

'अकाउंट्स विभाग सुधारायचा' हे काम नव्हे. 'माल गेटवर आल्यापासून सप्लायरच्या खात्यात पैसे पडेपर्यंत' हे काम. सुरुवात आणि शेवट एका ओळीत लिहून काढा. शेवट ठरवताना काम नेमकं कुणासाठी चाललंय ते विचारा. बिलाच्या बाबतीत दोघांसाठी चाललंय: सप्लायरला ठरलेल्या दिवशी पूर्ण पैसे हवेत, आणि कंपनीला फक्त आलेल्या, पास झालेल्या मालाचे आणि ठरलेल्या दरानेच पैसे द्यायचे आहेत. या दोन गोष्टींना हातभार लावतं ते काम, बाकीचं तपासून बघायचं.

कामाची निवड करताना सगळ्यात जास्त फोन कुठल्या गोष्टीसाठी येतात ते पाहा. एक आठवडा टेलिफोनशेजारी वही ठेवा आणि प्रत्येक 'काय झालं?' फोनसाठी एक रेघ मारा. या वहीइतका खरा सर्व्हे दुसरा नाही.

पायरी २: कागदाच्या मागे चालत जा

सगळ्या लेखात एकच पायरी करायची असेल तर ही करा.

कॉन्फरन्स रूममध्ये बसून फ्लोचार्ट काढू नका. तिथे काम कसं 'व्हायला हवं' ते निघतं, कसं होतं ते निघत नाही. त्याऐवजी गेटवर आलेल्या पाच-सहा बिलांना एकेक पिवळी चिठ्ठी लावा. चिठ्ठीवर तीन रकाने: माझ्याकडे कधी आलं, मी हातात कधी घेतलं, पुढे कधी दिलं. शेवटी 'प्रत्यक्ष काम किती मिनिटं' अशी जागा. ज्याच्या हातात बिल येईल त्याने पेनाने भरायचं. बिलं नेहमीची निवडा. 'जरा लक्ष ठेवा' असं सांगून पाठवलेलं बिल चार दिवसांत सुटतं आणि आपल्याला काहीच कळत नाही.

अशा चिठ्ठीवर काय उमटतं ते एका फिक्स्चरच्या (मशीनवर जॉब पकडून ठेवणाऱ्या साधनाच्या) बिलावरून पाहा:

- ३ तारीख, मंगळवार: माल गेटवर. इनवर्ड नंबर, चलनावर शिक्का. काम ५ मिनिटं.
- ५ तारीख: स्टोअरने जीआरएन (माल मिळाल्याची नोंद) केला. काम १० मिनिटं.
- ७ तारीख, शनिवार: क्यूसी (मालाची गुणवत्ता तपासणी) पास. काम २० मिनिटं.
- १३ तारीख, शुक्रवार: कागद अकाउंट्सला पोचले, कारण स्टोअर दर शुक्रवारीच गठ्ठा पाठवतं.
- १६ तारीख: अकाउंट्सने उघडलं. बिलातला दर पीओशी (खरेदीच्या ऑर्डरशी) जुळेना. पर्चेसला मेल. काम ८ मिनिटं.
- २३ तारीख: पर्चेसकडून दुरुस्त पीओ आला. काम १० मिनिटं.
- २५ तारीख: टॅलीत (हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये) एन्ट्री. काम ५ मिनिटं. त्या दिवशीचं पेमेंट चुकलं, पुढचं थेट १० तारखेला.
- ३० तारीख: दोन सह्या झाल्या. काम २ मिनिटं.
- पुढच्या महिन्याची १० तारीख: बँकेत अपलोड, यूटीआर (पैसे गेल्याचा बँकेचा नंबर) आला. काम ५ मिनिटं.

बेरीज करा. ३७ दिवस लागले आणि काम झालं ६५ मिनिटांचं. तुमच्याकडचे आकडे वेगळे निघतील, पण दिवस आणि मिनिटं यांच्यातली दरी बहुतेक अशीच असते. आता या ६५ मिनिटांतल्या प्रत्येकाला दुप्पट वेगाने काम करायला लावलं तर काय वाचेल? अर्धा तास. म्हणून 'स्टाफ हळू आहे' ही तक्रार मी आता मनावर घेत नाही. एन्ट्री मारणारी मुलगी पाच मिनिटांत तिचं काम संपवते, बिल मात्र तिच्यापर्यंत यायलाच बावीस दिवस घेतं.

चिठ्ठ्या भरून आल्या की एक लांब तपकिरी कागद भिंतीला लावा आणि प्रत्येक टप्प्याची पट्टी काढा: कामाचा वेळ हिरवा, थांबलेला वेळ लाल. गेटवरच्या वॉचमनपासून सही करणाऱ्या साहेबांपर्यंत सगळ्यांना त्या कागदासमोर उभं करा. पहिली पाच मिनिटं कुणी काही बोलत नाही. मग स्टोअरवाला म्हणतो, "शुक्रवारीच द्यायचं असं कुणी सांगितलंय मला तरी कुठे आठवतंय?" तिथून खरं काम सुरू होतं.

पायरी ३: लाल पट्टीला नाव द्या

सात प्रकारांपैकी ऑफिसात सगळे सारखे महत्त्वाचे नसतात, म्हणून मीही सगळ्यांना सारखी जागा देत नाही. अनावश्यक ये-जा, म्हणजे प्रिंटरपर्यंतच्या फेऱ्या किंवा फाईल शोधणं, हे लगेच दिसतं आणि लगेच सुटतं. कागदाचा प्रवास, म्हणजे स्कॅन केलेलं बिल पुन्हा प्रिंट काढून दुसऱ्या इमारतीत पाठवणं, हेही तसंच. गरजेपेक्षा जास्त तयार करणं म्हणजे कुणी न वाचणारे रिपोर्ट. दर सोमवारी जाणारा एखादा रिपोर्ट दोन आठवडे पाठवू नका. कुणी विचारलं नाही, तर तो बंद करण्याबद्दल बोलून घ्या. फक्त कायद्याने किंवा ऑडिटसाठी लागणारे रिपोर्ट या प्रयोगात घेऊ नका.

उरतात चार, आणि खरे दिवस तेच खातात.

पहिला, वाट पाहणं. वरच्या बिलातले बहुतेक दिवस याच खात्यात जातात.

दुसरा, साठलेलं काम. याचा हिशेब साधा आहे आणि तो जॉन लिटल यांनी १९६१ साली गणिताने सिद्ध केलेल्या नियमावर चालतो: रांगेत किती कामं आहेत भागिले रोज किती संपतात, म्हणजे सरासरी किती दिवस लागणार. महिन्याला ४८० बिलं आणि २४ कामाचे दिवस, म्हणजे रोज २०. सगळ्या टेबलांवर मिळून ३६० बिलं पडली असतील, तर आज आलेलं बिल सुटायला सरासरी १८ कामाचे दिवस लागतील, कुणी कितीही धावपळ केली तरी. दिवस कमी करायचे तर ढीग कमी करावा लागतो.

तिसरा, चूक आणि त्यामुळे माघारी फिरणं. चार टेबलं आहेत आणि प्रत्येक टेबलावर शंभरातली नव्वद बिलं बिनचूक पुढे जातात असं धरा. ऐकायला छान वाटतं. पण चारही टेबलं एकदाही मागे न येता ओलांडणारी बिलं नव्वद नसतात, साधारण ६६ असतात. म्हणजे तीनातलं एक बिल कुठेतरी उलटं फिरतं.

चौथा, गरजेपेक्षा जास्त सोपस्कार. एकाच बिलावर चार सह्या, तीच माहिती टॅलीत, एक्सेलमध्ये आणि वहीत. याबद्दल पुढे.

आणखी एक गोष्ट पुष्कळ जण आठवी म्हणून जोडतात: माणसाची अक्कल वाया घालवणं. कुठला सप्लायर नेहमी चुकीचा एचएसएन कोड (जीएसटीसाठीचा मालाच्या प्रकाराचा नंबर) टाकतो हे अकाउंट्सच्या ज्युनिअरला तोंडपाठ असतं. तिला आजवर कुणी विचारलेलं नसतं.

पायरी ४: एका अडथळ्याच्या मुळाशी जा

सगळ्यात लांब लाल पट्टी घ्या आणि 'का' विचारत जा. पाच वेळा विचारायचं असा प्रघात आहे. चारमध्ये मूळ सापडलं तर थांबा, सहा लागले तर सहा. अट एकच: उत्तरात माणसाचं नाव आलं तर तो प्रश्न पुन्हा विचारायचा.

त्या फिक्स्चरच्या बिलात दर का जुळला नाही? सप्लायरने वाढीव दर लावला. का लावला? पोलादाचा भाव वाढल्यावर पर्चेसने फोनवर वाढ कबूल केली होती. मग पीओ का बदलला नाही? पर्चेस पीओतल्या दुरुस्त्या महिन्यातून एकदाच एकत्र करतं. एकत्र का? प्रत्येक दुरुस्तीवर प्लँट हेडची सही लागते आणि ते रोज भेटत नाहीत. तीस रुपयांच्या वाढीलाही त्यांचीच सही का? कारण नियमात रकमेची मर्यादाच नाही.

सापडलं. आता उपाय 'पर्चेसने जागरूक राहावे' असं सर्क्युलर काढणं हा नाही. उपाय म्हणजे एका ठरावीक टक्क्यापर्यंतची दुरुस्ती पर्चेस मॅनेजरने स्वतःच्या अधिकारात त्याच दिवशी करायची आणि सप्लायरने नवा पीओ हातात आल्याशिवाय माल पाठवायचा नाही. महिन्याच्या शेवटी सगळ्या दुरुस्त्यांची यादी प्लँट हेडने पाहायची. लगाम सुटला नाही, फक्त बिल थांबायचं बंद झालं.

पायरी ५: बदल करा, पण या क्रमाने

*आधी चूक उंबऱ्यावर अडवा.* टोयोडांच्या मागासारखं: धागा तुटला की तिथेच थांबा. बिलातली चूक अकाउंट्सला तेरा दिवसांनी कळते, ती पहिल्या दिवशी कळली पाहिजे. यासाठी मी वापरलेली सगळ्यात स्वस्त गोष्ट म्हणजे एक नमुना बिल. त्यावर लाल पेनाने पाच गोल: पीओ नंबर, आपला जीएसटी नंबर, चलन नंबर, एचएसएन कोड, दर आणि नग. खाली मराठीत दोन ओळी. हा फोटो प्रत्येक सप्लायरला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा आणि त्याचीच मोठी प्रिंट गेटच्या खिडकीत चिकटवा. गेटवरच्या माणसाने फक्त पाच गोल जुळवायचे. एखादा जुळला नाही तर माल परत पाठवायचा नाही, गाडी अडवायची नाही. बिलाचा फोटो काढून त्याच दिवशी सप्लायरला कळवायचं. जीएसटी नंबर चुकला तर ते बिल आपल्या जीएसटीआर-२बी मध्ये (जीएसटी पोर्टलवरच्या आपल्या खरेदी बिलांच्या पत्रकात) दिसणारच नाही आणि इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर दिलेल्या कराची वजावट, अडकेल, म्हणजे यात आपलाही स्वार्थ आहेच.

सॉफ्टवेअरमध्येही जिथे जमेल तिथे चूक करताच येणार नाही असं करा. तोच बिल नंबर त्याच सप्लायरच्या नावावर दुसऱ्यांदा टाकला तर एन्ट्री होऊ नये. जीआरएनपेक्षा जास्त नग घेतले जाऊ नयेत. माणसाच्या लक्षात राहण्यावर जेवढं कमी सोडाल तेवढं बरं.

*मग गठ्ठे लहान करा.* शुक्रवारचा गठ्ठा रोज दुपारी चारला पाठवायला लागा. स्टोअरचं काम वाढत नाही, रोज पाच मिनिटं जातात. अकाउंट्सला शुक्रवारी शंभरावर बिलं एकदम येण्याऐवजी रोज वीस येतात. पेमेंट महिन्यातून दोनदा होत असेल तर दर आठवड्याला करा. 'त्याने कॅश फ्लो बिघडेल' ही हरकत हमखास येते. बिघडत नाही, कारण पैसे कधी द्यायचे ते ड्यू डेटवर, म्हणजे पैसे देण्याच्या ठरलेल्या तारखेवर, ठरतं. आठवड्याच्या पेमेंटमुळे ड्यू झालेलं बिल आणखी दोन आठवडे लटकत नाही, इतकंच.

इथे मला एक गोष्ट स्पष्ट सांगायची आहे. खात्यात पैसे नाहीत म्हणून मुद्दाम अडवलेलं पेमेंट हा लीनचा विषय नाही. ते सप्लायरला तसंच सांगावं, तारीख द्यावी. 'सही राहिलीय' हे खोटं कारण पुढे केलं की आपली सगळी प्रक्रिया त्या खोट्याला सांभाळण्यासाठी वाकडी होते, आणि मग कुठला उशीर खरा, कुठला लावून घेतलेला, हे आपल्यालाच कळेनासं होतं.

शिवाय कायदा आहे. एमएसएमई (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग) विकास अधिनियम, २००६ नुसार सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे लेखी करारात ठरलेल्या तारखेला, आणि कसंही झालं तरी ४५ दिवसांत द्यावे लागतात. लेखी करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला की रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दर महिन्याला चक्रवाढ व्याज. २०२३ च्या वित्त अधिनियमाने प्राप्तिकर कायद्यात ४३बी(एच) हे कलम घातलं तेव्हापासून मुदतीत न दिलेल्या अशा रकमेची वजावटही प्रत्यक्ष पैसे दिले त्याच वर्षी मिळू लागली. आणि हे घड्याळ अकाउंट्सने एन्ट्री केली त्या दिवसापासून सुरू होत नाही. ते माल स्वीकारल्यापासून चालतं, आणि मालाबद्दल १५ दिवसांत लेखी हरकत घेतली नसेल तर थेट माल पोचला त्या दिवसापासून. आपल्या फिक्स्चरवाल्याशी लेखी करार नसता, तर पर्चेसच्या उत्तराची वाट पाहतानाच त्याची मुदत संपली होती.

*सह्यांकडे तिसऱ्यांदा या, पहिल्यांदा नको.* सही म्हणजे मान, त्यामुळे सुरुवातीलाच सह्यांना हात घातला तर सगळा उपक्रम तिथेच बसतो. आधी चुका आणि गठ्ठे कमी झालेले दिसू द्या, मग प्रत्येक सही करणाऱ्याला शांतपणे विचारा, "सर, सही करताना तुम्ही नेमकं काय बघता?" 'आधीच्या दोघांच्या सह्या आहेत का ते बघतो' असं उत्तर आलं तर ती सही काढता येते. 'बजेटमध्ये बसतंय का बघतो' असं आलं, तर ती तपासणी खरी आहे, पण ती पीओ काढतानाच व्हायला हवी. माल आल्यावर बजेट बघून उपयोग काय?

काही गोष्टी मात्र काढायच्या नाहीत. बिलाची एन्ट्री करणारा आणि पेमेंट सोडणारा वेगळाच हवा. सप्लायरचा बँक खाते नंबर बदलायची मेल आली, तर आपल्याकडे आधीपासून असलेल्या नंबरवर फोन करून खात्री केल्याशिवाय बदलायचा नाही. यात पाच मिनिटं जास्त जातात, ती जाऊ द्या. लीनच्या नावाखाली फसवणुकीचा दरवाजा उघडणं ही काटकसर नव्हे.

*शेवटी काम भिंतीवर आणा.* एक पांढरा बोर्ड, पाच उभे रकाने: गेट, क्यूसी, अकाउंट्स, सही, पेमेंट. प्रत्येक बिलाचं कार्ड लावणं वीस-तीस बिलांपर्यंत जमतं. त्याहून जास्त असतील तर प्रत्येक रकान्यात रोज सकाळी फक्त संख्या लिहा आणि कार्डं अडलेल्या बिलांचीच लावा. अडलेल्या कार्डावर तीन गोष्टी: कशासाठी अडलं, कोणत्या तारखेपासून, कुणाच्या उत्तराची वाट आहे. प्रत्येक रकान्याला मर्यादा ठेवा, साधारण दीड दिवसाचं काम. मर्यादा ओलांडली की मागच्या टेबलाने नवीन पुढे ढकलायचं नाही, उठून पुढच्या टेबलाला मदत करायची. हे ऐकायला विचित्र वाटतं आणि पहिले दोन आठवडे भांडणंही होतात. 'माझं काम झालं, आता तुमच्याकडे' ही सवय मोडायला तेवढा वेळ द्यावाच लागतो.

टेबल आवरण्याबद्दल

लीनमधल्या फाइव्ह-एसचा, म्हणजे कामाची जागा नीटनेटकी ठेवण्याच्या पाच पायऱ्यांचा, बोर्ड प्रत्येक कारखान्यात लागलेला असतो, ऑफिसात मात्र त्याचा अर्थ शनिवारी फडकं मारणं एवढाच उरतो. यासाठी मला जपानपेक्षा जवळचं उदाहरण जास्त उपयोगी पडलं. १९८० च्या दशकात तेव्हाच्या अहमदनगरचे, म्हणजे आजच्या अहिल्यानगरचे, जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी कार्यालयाच्या कामकाजाची घडी बदलली. 'लखिना पॅटर्न' हे नाव जुन्या महसूल कर्मचाऱ्यांना आजही ठाऊक असतं. महाराष्ट्रातल्या सरकारी कचेऱ्यांमध्ये 'सहा गठ्ठे पद्धत'ही आहे. टेबलावरचा प्रत्येक कागद सहापैकी एका गठ्ठ्यात जातो: कार्यवाहीची प्रकरणं, प्रतीक्षाधीन प्रकरणं, नियतकालिक अहवाल, स्थायी आदेश, अभिलेख कक्षात पाठवायचे कागद आणि नष्ट करायचे कागद.

या वाटणीतलं मर्म पहिल्या दोन गठ्ठ्यांत आहे. 'मला काम करायचंय' आणि 'मी दुसऱ्याची वाट पाहतोय' हे कागद एकत्र ठेवले की रोज सकाळी तोच ढीग चाळावा लागतो आणि वाट पाहणाऱ्या कागदाचा पाठपुरावा राहून जातो. हे वेगळे करा. प्रतीक्षेतल्या प्रत्येक कागदावर पुढच्या स्मरणाची तारीख पेन्सिलने लिहा. मेलबॉक्सलाही हेच लावा: सहा फोल्डर, त्यात 'प्रतीक्षा' वेगळा. शेअर्ड ड्राइव्हवर 'फायनल', 'फायनल २', 'फायनल नक्की' अशा फाईल असतील, तर नावाची एकच पद्धत ठरवा: आधी वर्ष-महिना, मग सप्लायर, मग बिल नंबर.

महाराष्ट्राच्या २००५ च्या विलंब प्रतिबंधाच्या कायद्यात, एखादी फाईल सामान्यतः सात कामाच्या दिवसांपेक्षा जास्त एका कर्मचाऱ्याकडे राहू नये, असं म्हटलं आहे. खासगी कंपनीला तो लागू नाही, पण 'एका टेबलावर जास्तीत जास्त किती दिवस' हा आकडा ठरवणं आपणही करू शकतो. आम्ही दोन दिवस ठरवले होते.

पायरी ६: तीनच आकडे मोजा

गेटपासून पेमेंटपर्यंत लागलेले दिवस, एकदाही मागे न फिरलेल्या बिलांचं प्रमाण, आणि 'काय झालं?' विचारणारे फोन. दर सोमवारी बोर्डाच्या कोपऱ्यात हाताने लिहा. दिवसांची नुसती सरासरी लिहू नका. सगळ्यात जुनं बिल किती दिवसांचं आहे तेही लिहा, कारण सरासरीत ते एकटं बिल लपतं, आणि फोन नेमका त्याचाच येतो.

कुणी दिवसाला किती एन्ट्री मारल्या हे बोर्डावर कधीही लिहू नका. ते लिहिलं की माणसं सोपी बिलं आधी उचलतात, अवघड तळाशी ढकलतात, आणि चिठ्ठ्यांवर खोट्या वेळा येऊ लागतात.

माणसांना काय सांगायचं

'काम कमी करायचंय' हे ऐकल्यावर टेबलावरच्या माणसाच्या मनात पहिला प्रश्न येतो: मग माझं काय? त्याला पहिल्याच दिवशी उत्तर द्या, आणि देण्याआधी वरून खरी हमी घ्या की या बदलामुळे कुणाची नोकरी जाणार नाही. ती हमी मिळत नसेल तर सुरूच करू नका. वाचलेला वेळ कशाला लावणार तेही सांगा. सप्लायरचे खातेउतारे जुळवणं, जुने ॲडव्हान्स मिटवणं अशी 'वेळ मिळाला की करू' म्हणून राहिलेली कामं प्रत्येक अकाउंट्समध्ये असतात.

महिनाअखेर हा वेगळा विषय आहे. क्लोजिंगला, म्हणजे महिन्याचे हिशेब बंद करायला, रात्री नऊपर्यंत बसणं आणि दहा तारखेनंतर निवांतपणा, हाच तो मुरा. यावर उपाय म्हणजे क्लोजिंगची यादी काढून बघणं की त्यातलं काय महिनाभर थोडं थोडं होऊ शकतं. बँक रिकन्सिलिएशन, म्हणजे बँकेच्या नोंदी आपल्या नोंदींशी जुळवणं, रोज होऊ शकतं. टीडीएसची कपात एन्ट्रीसोबतच नीट लागली तर शेवटी तपासायचं थोडंच उरतं. २५ तारखेनंतर कुठलाही नवीन बदल सुरू करू नका. मी एकदा २७ तारखेला बोर्ड लावला होता. एक तारखेपर्यंत त्याच्याकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही, आणि त्यात त्यांचं काही चुकलं नाही.

पायरी ७: घसरण धरून चाला

बदल झाल्यावर नवी पद्धत एका पानावर लिहा, फोटोंसह, आणि ती ज्या टेबलावर काम होतं तिथेच चिकटवा. नवीन आलेला माणूस ते पान वाचून काम करू शकला नाही, तर पान दुरुस्त करा. बोर्डासमोर रोज दहा मिनिटं उभ्याने भेटा आणि तीनच प्रश्न घ्या: काय अडलंय, कुणामुळे सुटेल, कधी? चर्चा लांबली तर त्या दोघांनी नंतर बसायचं, बाकीच्यांना सोडायचं.

तरी घसरण होते. स्टोअरचा माणूस रजेवर जातो, बदलीचा माणूस जुन्या सवयीने गठ्ठा शुक्रवारी पाठवतो, आणि महिन्याभरात आपण होतो तिथे परत. म्हणून दर तीन महिन्यांनी पुन्हा पाच बिलांना पिवळ्या चिठ्ठ्या लावा आणि नवा तपकिरी कागद जुन्याच्या खाली टांगा. लाल पट्टी कुठे परत वाढली ते त्यावर दिसेल. पायरी ४ तिथून पुन्हा.

दरम्यान फोन येत राहतील, कमी होतील पण येतील. तेव्हा 'प्रोसेसमध्ये आहे' म्हणू नका. बोर्डाकडे बघा आणि सांगा, "दादा, क्यूसी काल झालंय, शुक्रवारी पैसे पडतील." आणि शुक्रवारचं जमणार नाही असं गुरुवारी कळलं, तर त्याच्या फोनची वाट न बघता गुरुवारीच आपण त्याला फोन करायचा.